तिसरं शेपूट

सोमवार, १५ ऑगस्ट

चाळीस वर्षं बोअर मारले आणि प्रत्येक बोअरची नोंद ठेवली. किती फुटांवर खडक बदलला, कुठे पाणी लागलं, कुठे नुसती धूळ उडाली. माणसांची नोंद ठेवायची वेळ कधी आली नाही. आता यंत्र मुलाच्या, कर्टिसच्या ताब्यात गेलं आहे आणि एक कोरी वही माझ्याकडे उरली आहे. म्हणून लिहितो.

काल कॅम्पवर छपराचं काम केलं. कॅम्प म्हणजे टॅनरी रनच्या ओढ्यावरची आम्हा पाच जणांची लाकडी खोली. वर्षातले पन्नास आठवडे ती उंदरांची असते, हरणांच्या हंगामाचे दोन आठवडे आमची. फ्लॉइड शिडी धरून उभा होता. त्याचं वय एक्क्याऐंशी, त्यामुळे शिडीच त्याला धरून उभी होती म्हणणं जास्त बरोबर. जेवताना तो म्हणाला, "एवढा हंगाम काढतो. मग चूल दुसऱ्या कोणीतरी घ्या. गुडघे संपले."

सगळ्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं आणि मग ऑरिनकडे.

भिंतीवर शर्टांची शेपटं आहेत. हरणावर झाडलेली गोळी चुकली की त्या संध्याकाळी चुकणाऱ्याच्या शर्टाचा मागचा पदर कात्रीनं कापायचा आणि नाव-तारीख घालून खिळ्याला लावायचा, अशी जुनी रीत. खाली माझ्या सासऱ्यांच्या हातची पाटी आहे: 'लागोपाठ तीन शेपटं, मग चूल.' म्हणजे ओळीनं तीन वर्षं चुकला की बंदूक खुंटीला, जंगलातली बसायची जागा पुढच्याला आणि माणूस स्वयंपाकाला. फ्लॉइड बावीस वर्षांपूर्वी असाच गेला. 'चुलीवर गेला' हे आमच्याकडे 'देवाघरी गेला'च्या सुरात म्हणतात. आपणहून आजवर कोणी गेलेलं नाही.

ऑरिनची दोन शेपटं लागली आहेत. ऑरिन माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, व्हर्नाचा धाकटा भाऊ. पण त्याच्या बहिणीच्या आधी माझी त्याच्याशी ओळख. त्याची जागा म्हणजे डोंगराच्या कुशीतली वरची सपाटी. ती त्याच्या वडिलांची, पाटी लिहिणाऱ्यांची. रायफलही त्यांचीच, लिव्हर ओढून चालवायची, टू-फिफ्टी मापाची.

हार्लन आमचा कॅप्टन. त्याची लाकडाची वखार आहे आणि बोलणंही करवतीचंच. तो मला म्हणाला, "मर्ल, यंदा तुझ्या मेहुण्याला काहीतरी नीट भरून दे. नाहीतर त्याच्या हातचं खायची पाळी येईल आमच्यावर."

"बावीस वर्षं फ्लॉइडच्या हातचं पचवलंत," ऑरिन म्हणाला, "तुम्हाला आता काहीही पचेल."

सगळे हसले, फ्लॉइड सगळ्यात जास्त. ऑरिन माणूस पक्का. वडिलांची जागा जायची वेळ आली तरी चेहऱ्यावर दाखवत नाही.

गुरुवार, १८ ऑगस्ट

हार्लन बोलला ते मला का लागलं, ते लिहून ठेवतो. कॅम्पची काडतुसं मी भरतो, एकोणीसशे एकोणऐंशीपासून. वापरलेली पितळी केस साफ करायची, तिला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, तोलून बंदुकीची दारू घालायची आणि वर गोळी दाबायची. लोक अख्ख्या काडतुसाला गोळी म्हणतात. गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक, जे उडून जातं. बाकी सगळा तिला पोचवायचा खटाटोप.

ऑरिनच्या टू-फिफ्टीत मी तीस वर्षं एकच गोळी वापरली. शंभर ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची, शिशाची, वर तांब्याचा पातळ पत्रा. ती बनवणाऱ्यांनी ती बंद केली. मग दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणाची शंभर ग्रेनची घेतली. ऑरिन चुकला. गेल्या वर्षी त्याहून जड घेतली. ऑरिन परत चुकला. हा माणूस त्याआधी सत्तावीस वर्षांत एकदाच चुकला होता, तेही ताप अंगात असताना.

बदललं काय? गोळी. गोळी कोणी बदलली? हे कळायला शाळेत जावं लागत नाही, आणि मी दहावीनंतर गेलोही नाही.

शनिवार, २७ ऑगस्ट

सकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पॅनकेकची पंगत होती. मी खांबाच्या अलीकडे बसलो होतो. पलीकडे वखारीतले दोघं. माझे कान बरे आहेत. दोनशे फूट खाली पाती चुन्याच्या खडकातून वाळूच्या खडकात गेली की यंत्राच्या आधी मला कळायचं. त्या कानांना खांब काय अडवणार.

एक म्हणाला, "टॅनरी रनवर यंदा ऑरिन केसलर चुलीवर जातोय म्हणे."

दुसरा म्हणाला, "मग वरची सपाटी कोणाला?"

"यादीत पुढे कर्टिस."

"मर्लचा कर्टिस?" थोडा वेळ नुसता चमचा वाजला. "आणि काडतुसं भरतो कोण?"

"मर्ल."

"सोयीचं आहे."

पाक घालून घेतलेले पॅनकेक तसेच ठेवून उठणं मला जमत नाही. खाल्ले आणि मग उठलो. जाताना दोघांच्या पाठीवर हात ठेवून हवापाणी विचारलं. एकाच्या गळ्यात घास अडकला.

या गावात मी साडेतीनशे बोअर मारले आहेत. कोरडा लागला तर तोंडावर सांगितलं, ओला म्हणून खपवला नाही. आता म्हणे मेहुण्याच्या काडतुसात खोट घालून मुलाला जागा मिळवून देतोय.

रविवार, २८ ऑगस्ट

व्हर्नाला सांगितलं. ती घेवड्याच्या शेंगा मोडत होती.

"यंदा ऑरिन चुकता कामा नये," मी म्हणालो.

"तो काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार? हसतो."

"मग तूही हास."

"व्हर्ना, तुझ्या वडिलांची जागा आहे ती."

"वडील वारले, मर्ल. त्यांना आता बसायला जागा लागत नाही." शेंग मोडल्याचा आवाज. "त्याला विचारलंस का, त्याला काय हवंय?"

हे विचारायचं असतं? तहानलेल्याला पाणी हवंय का म्हणून विचारल्यासारखं. बायकांना शिकारीतलं कळत नाही, हे मी तिला बोललो नाही. एकोणचाळीस वर्षं संसार उगाच टिकलेला नाही.

शनिवार, १० सप्टेंबर

नव्या गोळ्या आल्या. या सबंध तांब्याच्या आहेत, शिसं अजिबात नाही. शिशाची गोळी हरणात शिरल्यावर फुटून तिचे कण मांसात पसरतात. तांब्याची पाकळ्यांसारखी उमलते पण अखंड राहते. दुकानदार म्हणाला ऐंशी ग्रेनची घे. मी म्हणालो तीस वर्षं शंभरची वापरली, शंभरचीच दे. हरणाला हलकी गोळी मारायची म्हणजे म्हशीला चापटी. तो गप्प बसला. गिऱ्हाईक वयानं मोठं असलं की दुकानदार गप्प बसतात.

ऑरिनची रायफल घेऊन आलो. तिच्यासोबत त्यानं कोबी घालून केलेल्या शेवयांचा डबा दिला. तो डबा चार माणसांना पुरेल एवढा होता. त्याची बायको लोरेटा शेवटचं वर्षभर अंथरुणाला होती, तेव्हा हा स्वयंपाक शिकला. ती जाऊन तीन वर्षं झाली. मी विचारलं, रोज करतोस का? म्हणाला, "एकट्यासाठी चूल पेटवणं म्हणजे पेलाभर पाण्यासाठी बोअर मारणं. डबाबंद सूप खातो." हे मला आवडलं म्हणून लिहून ठेवलं.

सोमवार, १२ सप्टेंबर

खडीच्या खाणीत शंभर यार्डांवर कागद लावला. पाच काडतुसं उडवली. कागदावर तीनच भोकं, आणि ती गोल नाहीत, लांबट. पावट्याच्या शेंगेचा ठसा उमटावा तशी. म्हणजे गोळी टोकानं न जाता हवेत कोलमडून आडवी पडून गेली. असलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

कागद घडी करून खिशात घातला. कोणी बघायला नव्हतं हे बरं.

मंगळवार, १३ सप्टेंबर

दिवसभर डोकं खाजवलं आणि मग जुनी आणि नवी गोळी शेजारी उभी केली. वजन तेच, पण नवी बोटाच्या अर्ध्या नखाएवढी जास्त उंच. तांबं शिशापेक्षा हलकं, तेव्हा तेवढंच वजन भरायचं तर गोळी लांब होणार. आणि लांब गोळी म्हणजे उंच भोवरा, त्याला फिरकी जास्त लागते. ऑरिनच्या वडिलांच्या नळीतले गोळीला फिरवणारे आटे सावकाश, चौदा इंचांत एक फेरा. त्या काळी आखूड गोळ्यांसाठी कोरलेले.

जन्मभर जमिनीत नळ्या फिरवल्या आणि एवढं डोक्यात आलं नाही. वजन बघितलं, लांबी नाही. जड ते चांगलं, असं म्हणत राहिलो.

दुकानदाराला फोन केला. ऐंशीची पाठव म्हणालो. तो हसला नाही, हे त्याच्या खात्यात.

शनिवार, २४ सप्टेंबर

ऐंशी ग्रेनची. माझ्या हातून पाच गोळ्या, शंभर यार्ड. पाचही भोकं एका बशीखाली झाकली जातील, चार तर कपाखाली. परत पाच. तसंच. घरी येताना गाडीत गाणं म्हटलं. व्हर्ना म्हणते ते पायरीपर्यंत ऐकू आलं.

शनिवार, १ ऑक्टोबर

ऑरिनला खाणीवर आणला. आठवडाभर टाळत होता. एकदा कंबर, एकदा गटार, एकदा चर्चचा सूपचा कार्यक्रम. आज गाडी त्याच्या दारातच लावली.

पहिला बार त्यानं बसून, सहज, माझ्याशी बोलता बोलता टाकला. दुर्बिणीतून बघितलं. गोळी बरोबर मध्यावर, काळ्या ठिपक्याच्या पोटात.

"बघ," मी म्हणालो, "आता कोणाची टाप आहे तुला चुलीवर पाठवायची."

तो कागदाकडे बघत राहिला. मग पुढचे चार बार टाकले. ते कोंबड्यांसारखे कागदभर हिंडले. एक तर कागदावरही नाही.

"हात गेला माझा, मर्ल," तो म्हणाला. "वय झालं."

"हाताला काही झालेलं नाही. नळी तापते. थंड नळीतून पहिला बार बरोबर जातो, पुढचे भटकतात. जंगलात तुला पहिलाच लागणार आहे."

"तू फार डोकं लावतोस," तो म्हणाला. मग रायफल पुसायला घेतली आणि बराच वेळ पुसत बसला.

तो गेल्यावर मी तापलेल्या नळीतून तीन टाकले. तिन्ही शेजारीशेजारी. हे काही समजलं नाही. नोंद करून ठेवतो.

शनिवार, १५ ऑक्टोबर

लिलावात ऑरिननं वीस लिटरचं बिडाचं भांडं घेतलं. दोघांनी मिळून उचलून गाडीत ठेवलं.

"एवढ्यात काय शिजवणार तू?"

"स्वस्तात मिळालं."

विधुर माणसं काहीही विकत घेतात. माझ्या एका चुलत्यानं काकू गेल्यावर होडी घेतली होती. घरापासून पाणी सत्तर मैल.

शनिवार, ५ नोव्हेंबर

सारखा तोच विचार. समजा एवढं करूनही तो चुकला, तर?

कॅम्पचा एक नियम आहे. संध्याकाळी कोर्ट बसतं. हार्लन पळी घेऊन न्यायाधीश होतो, आणि शेपूट कापायच्या आधी काडतूस भरणाऱ्याची साक्ष काढतात. भरणाऱ्यानं 'दोष माझ्या काडतुसाचा' असं म्हटलं तर चुकणं माफ, शेपूट वाचतं. साठ वर्षांत एकदाच कोणी तसं म्हटलं. त्यानंतर त्याच्या हातची काडतुसं कोणी घेतली नाहीत. बिचारा पुढे मासे धरायला लागला.

मागची दोन वर्षं मी 'काडतूस चोख' अशी साक्ष दिली होती. तेव्हा तसंच वाटत होतं.

यंदा तो चुकला तर मी उभा राहून सांगणार, दारूला ओल लागली, दोष माझा. खोटं असलं तरी. ऑरिनची जागा राहील, कर्टिसला मिळणार नाही, आणि खांबापलीकडच्या लोकांचं तोंड बंद होईल. माझं नाव जाईल, पण ते जायचं तर अशानं जाऊ दे.

कर्टिसला सांगितलं. तो यंत्राखालून म्हणाला, "बाबा, मला ती जागा नकोय. वर चढायलाच पाऊण तास लागतो."

"प्रश्न तुझ्या पायांचा नाही," मी म्हणालो.

शनिवार, १९ नोव्हेंबर

ऑरिनची वीस काडतुसं तयार. प्रत्येकाची दारू दोनदा तोलली, प्रत्येक गोळीची लांबी मोजली. आजवर इतकं चांगलं काही भरलेलं नाही. डब्यावर त्याचं नाव घातलं. यातलं एकही ओललेलं नाही, हे लिहून ठेवतो, कारण कदाचित उलट बोलायचं आहे.

गुरुवार, २४ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगचं जेवण आमच्याकडे झालं. ऑरिन सकाळी सातलाच आला. व्हर्नाला म्हणाला, "ताई, तू आज बस." आणि ती चक्क बसली. या स्वयंपाकघरात ती मला चमचाही उचलू देत नाही. त्यानं टर्कीची ग्रेव्ही केली, रताळी केली, आणि सुकामेवा घालून कसलंसं सारण. जेवताना स्वतः जवळजवळ काही खाल्लं नाही. उभा राहून कोणाच्या ताटात काय संपलं ते बघत होता.

"बस की आता," मी म्हणालो.

"बसतो. तू ग्रेव्ही घे."

त्याची भूक मेली आहे असं मी नंतर व्हर्नाला म्हणालो. सोमवारी हंगाम सुरू होतो, त्याची काळजी. व्हर्ना माझ्याकडे अशी बघायला लागली की मी आरशात जाऊन दाढी तपासली.

रविवार, २७ नोव्हेंबर

कॅम्प. पाचही जण आलो. चार बोटं बर्फ, वारा नाही. फ्लॉइडनं घेवड्याचं काहीतरी केलं. हार्लननं विचारलं हे काय आहे. फ्लॉइड म्हणाला, मलाही उत्सुकता आहे.

ऑरिन चुलीभोवती हिंडत होता. मसाल्यांची फळी झाडली, धुराडं हलवून बघितलं, चुलीजवळची बाज कोणाची म्हणून विचारलं. फ्लॉइड म्हणाला, "स्वयंपाक्याची. सगळ्यात उबदार जागा, पण हे बाहेर सांगायचं नसतं." माझ्या मनात आलं, याला उद्याच्या हंगामाचं काही पडलेलं दिसत नाही. मग वाटलं, नाही, घाबरलेला माणूस असाच काहीतरी चाळा करतो.

डबा हातात दिला. "पहिला बार," मी म्हणालो. "पहिल्याच बारात काम होईल. तुला फक्त नेम धरायचा आहे."

"तू चांगला आहेस, मर्ल," तो म्हणाला. हे बोलायचं काय कारण होतं कळलं नाही.

सोमवार, २८ नोव्हेंबर

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ऑरिनच्या सपाटीवरून एक बार. टू-फिफ्टीचा आवाज पातळ असतो, चाबूक कडाडल्यासारखा. दुसऱ्या कोणाचा तसा नाही. मी खालच्या ओढ्याशी बसलो होतो. गोळी हरणात गेली की बारामागून एक दबका आवाज येतो, ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा. तो आला नाही. 'टक' असं आलं. कोरडं. लाकूड.

रीत अशी की बार झाला की जवळच्यानं माग काढायला जायचं. चढून जायला मला चाळीस मिनिटं लागली. ऑरिन बीचच्या झाडाच्या खोडाला पाठ लावून थर्मासमधून कॉफी ओतत होता.

"चुकलो," तो म्हणाला.

"नर होता?"

"आठ टोकांच्या शिंगांचा."

बर्फात सगळं लिहिलेलं होतं. हरीण सावकाश चालत आलं होतं, पन्नास पावलांवर आडवं उभं राहिलं होतं, तिथे बर्फ नीट तुडवलेला होता, मग एकदम उड्या. रक्ताचा थेंब नाही. केसही नाही.

"किती वेळ उभं होतं?"

"बराच वेळ."

"म्हणजे किती?"

"अर्धा कप."

मी गोळी शोधायला लागलो. तांब्याची गोळी लाकडात कशी उमलते ते बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर दोष कुठे आहे तेही.

"काय शोधतोस?"

"गोळी."

"ती एव्हाना न्यूयॉर्कात पोचली असेल. चल, कॉफी घे."

मी ऐकलं होतं 'टक'. हरीण उभं होतं त्याच्या डावीकडे, चांगलं वीस पावलं सोडून, एक हेमलॉकचं झाड आहे. त्याच्या बुंध्यावर छातीएवढ्या उंचीला एक वाळकी गाठ आहे, कोटाच्या बटणाएवढी. गाठीच्या बरोबर मधोमध भोक होतं. गोल. कडा स्वच्छ.

बोट लावून बघितलं. मग मागे वळून ऑरिन बसला होता तिथपर्यंत नजर नेली. मध्ये एक काटकीसुद्धा नाही.

साठ पावलांवरून बटणाच्या मधोमध. हात गेलेल्या माणसाचा बार नव्हता तो. ऑगस्टपासून मी याच्यासाठी न चुकणारी गोळी शोधत होतो, आणि हा माझ्यासमोर, खाणीत, दिवसाढवळ्या चुकायची तालीम करत होता. मी नळी तापते म्हणालो.

ऑरिन उठून उभा राहिला होता. कॉफीचा पेला हातात, तोंडाशी नेत नव्हता. मला इतकी वर्षं ओळखतो, मी काय बघतोय ते त्याला दिसत होतं. चाकू काढून गोळी कोरायचा विचार होता, तो सोडला. गाठीवर थोडा बर्फ थापला आणि परत आलो.

"सापडली?" त्यानं विचारलं.

"न्यूयॉर्कात गेली," मी म्हणालो. "कॉफी दे."

अर्धा तास बसलो. बोललो ते हवेबद्दल. मध्येच तो म्हणाला, "फ्लॉइड घेवडा रात्री भिजत घालत नाही. तिथेच सगळं बिघडतं." मी म्हणालो, असेल. त्यानं मग मला घेवडा कसा भिजवायचा, कांदा कधी घालायचा, गूळ कधी घालायचा ते सगळं सांगितलं. लोरेटा गेल्यापासून त्याला सलग एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

व्हर्नाला हे केव्हाचंच माहीत असणार.

संध्याकाळी कोर्ट बसलं. हार्लननं पळी आपटली. "ऑरिन केसलर, तिसऱ्यांदा. काडतूस भरणाऱ्यानं शपथेवर सांगावं. दोष कोणाचा?"

मी दिवसभर घोकलेलं तयार होतं. ओलसर दारू, माझी हयगय, पाचच वाक्यं. उभा राहिलो. कर्टिस माझ्याकडे बघत होता, कारण मी काय बोलणार ते त्याला ठाऊक होतं. ऑरिन जमिनीकडे बघत होता. त्यानं हळूच मान हलवली, अगदी जराशी, नाही म्हणून.

"काडतूस चोख होतं," मी म्हणालो. "आजवर भरलेलं सगळ्यात चोख. बारही ऐकला मी. गोळीचा काही दोष नाही."

हार्लननं पळी तशीच उचलून धरली. अजून काही येईल म्हणून थांबला असणार. "मग झालं. सपाटी कर्टिसची," तो म्हणाला आणि मग, पळीकडे बघत, जरा हळू, "सोयीचं आहे."

म्हणजे खांबापलीकडची ती गोष्ट वखारीतनंच आली होती. मी ऐकलं, आणि मी ऐकलं हे हार्लनलाही कळलं. उत्तर माझ्याकडे होतं, हेमलॉकमध्ये चार बोटं आत. ते तिथेच राहू दिलं. गाव बोलेल. वसंतात कोणाचा बोअर कोरडा लागला की परत बोलेल.

ऑरिननं जाकीट काढलं. आतला शर्ट विरून जाळी झालेला, मागे आधीच उसवलेला. फ्लॉइड कात्री घेऊन आला आणि म्हणाला, "यात कापायला काही शिल्लक ठेवलंयस का रे?"

"चांगला शर्ट कोण घालून येतो," ऑरिन म्हणाला.

मग कर्टिसला बाजूला घेऊन वरच्या सपाटीवर कुठे बसायचं ते त्याला समजावलं. वारा पश्चिमेचा असेल तर बीचच्या मागे, नाहीतर पुढे. डावीकडच्या हेमलॉककडे फार बघू नको, तिकडून काही येत नाही.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

पहाटे भांड्यांच्या आवाजानं जाग आली. फ्लॉइड अजून घोरत होता, बावीस वर्षांत पहिल्यांदाच, आम्ही उठल्यावरही. चूल लाल झाली होती. ऑरिननं कमरेला पंचा गुंडाळला होता आणि तव्यात डुकराच्या मांसाच्या पट्ट्या चरचरत होत्या. कॉफी कॉफीसारखी होती.

हार्लन बूट घालता घालता थांबला, वास घेतला आणि ताट घेऊन रांगेत पहिला उभा राहिला.

माझी पाळी आली. ऑरिननं वर न बघता विचारलं, "अंडी किती?"

"दोन."

त्यानं चार फोडली.